हॅरिस पार्क : पहिल्या बिऱ्हाडाचे उपनगर

मिक्सर किंवा मोबाइलचे परीक्षण लिहावे तसे एखाद्या उपनगराचे परीक्षण लिहिणे विचित्र वाटेल. पण सिडनीत भाड्याने घर घेणारा माणूस नुसत्या दोन खोल्या घेत नसतो. घरासोबत तो स्टेशन, वाणसामानाचे दुकान, वरच्या मजल्यावरचे शेजारी, एजन्सीतला मेंटेनन्सचा फोन उचलणारा किंवा न उचलणारा माणूस आणि दर वर्षी येणारी भाडेवाढीची नोटीस असे सगळे एकत्र घेत असतो. आम्ही दोघे फेब्रुवारी २०२३ ते जून २०२५ अशी दोन वर्षे चार महिने हॅरिस पार्कमध्ये भाड्याने राहिलो. सिडनीत नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना हे उपनगर सुचवावे की नाही, असे आम्हाला वरचेवर विचारले जाते, म्हणून हे लिहितो आहे.

सिडनीच्या मध्यवर्ती भागापासून पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर, पॅरामॅटा या मोठ्या व्यापारी केंद्राच्या अगदी कुशीत हे लहानसे उपनगर आहे. त्याचा विस्तार इतका कमी आहे, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला वीस मिनिटे पुरतात. मुळात ही बुरामट्टागल या मूळनिवासी लोकांची भूमी होती आणि पॅरामॅटा हे नावही त्यांच्याच नावातून आलेले आहे. जेम्स रूस नावाच्या शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्याला वसाहतीतील पहिले जमीन अनुदान म्हणून मिळालेली तीस एकर शेती येथेच होती. त्याने १७९३ मध्ये ती चाळीस पौंडांना जॉन हॅरिस या शल्यचिकित्सकाला विकली आणि त्या हॅरिसचे नाव पुढे उपनगराला चिकटले. त्याच शेतजमिनीवरचे, नॅशनल ट्रस्टने सांभाळलेले एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेज आजही तेथे उभे आहे. ब्रिटिश वसाहतीत सामान्य माणसाच्या नावावर पहिल्यांदा जमीन झाली, ती याच मातीत. आणि आज त्याच मातीवर राहणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या नावावर विटेचा एक तुकडाही नाही, हा योगायोग मला तेथे राहत असताना नेहमी गमतीचा वाटे.

भाडेकरूंचे प्रमाण हीच या उपनगराची खरी ओळख आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार संपूर्ण ऑस्ट्रेलियात साधारण तीस टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती, तर हॅरिस पार्कमध्ये दहापैकी सातांहून अधिक घरे भाड्याची होती. देशाचे मध्यक वय ३८ होते आणि येथील मध्यक वय तिशीच्या आसपास होते. चाळीस टक्क्यांहून अधिक रहिवासी भारतात जन्मलेले होते, त्यांच्या खालोखाल नेपाळी आणि चिनी लोकांची संख्या लक्षणीय होती, आणि ऑस्ट्रेलियातच जन्मलेले लोक येथे स्पष्ट अल्पसंख्य होते. घरोघरी बोलल्या जाणाऱ्या भाषांत गुजराती, हिंदी, पंजाबी, नेपाळी आणि तेलुगू या मोठ्या भाषा आहेत. मराठी कानावर पडते, पण ती शोधावी लागते; मराठी कुटुंबे मुले शाळेत जाऊ लागली की बहुतेक वेळा वेंटवर्थव्हिल, वेस्टमीड, टूंगॅबी अशा पश्चिमेच्या स्टेशनांकडे सरकतात.

या आकड्यांकडे पाहताना एक सावधगिरी बाळगावी, असे मला वाटते. ऑगस्ट २०२१ मध्ये जनगणना झाली, तेव्हा सिडनीत लॉकडाउन होते आणि मार्च २०२० पासून देशाच्या सीमा बंद होत्या. नवे विद्यार्थी येत नव्हते आणि अनेक जुने मायदेशी परतलेले होते. त्यामुळे २०१६ मध्ये सुमारे ५,८०० असलेली हॅरिस पार्कची लोकसंख्या २०२१ मध्ये सुमारे ५,००० वर आलेली दिसते. एखाद्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून उपनगर ओस पडत चालले आहे, असा निष्कर्ष काढला, तर तो पार फसेल. सीमा उघडल्यानंतर जी गर्दी लोटली, ती त्या मोजणीत कोठेच नाही, आणि आम्ही घर शोधायला निघालो तो नेमका त्या गर्दीचा काळ होता. शिवाय सगळ्या भाडेकरू वस्त्यांच्या बाबतीत खरी असलेली एक गोष्ट येथे अधिकच खरी आहे : जनगणनेच्या रात्री मोजली गेलेली बरीचशी माणसे पुढच्या जनगणनेच्या वेळी येथे नसतात. आकडा तोच राहतो आणि त्यामागची माणसे बदललेली असतात. येथल्या घरबाजाराचे गुणदोष समजून घ्यायचे असतील, तर ही एकच गोष्ट मनात धरावी, कारण घरांची अवस्था, एजंटांचे वागणे, भाड्याची चढती कमान आणि कोपऱ्यावरच्या दुकानातील मिरचीचा भावसुद्धा शेवटी या सततच्या ये-जा करण्याशी बांधलेला आहे.

आता घरांविषयी. हॅरिस पार्कमध्ये मुख्यतः तीन प्रकारची घरे दिसतात. पहिला प्रकार म्हणजे विग्रॅम स्ट्रीट आणि आसपासच्या रस्त्यांवरील शंभर वर्षांपूर्वीचे बैठे बंगले, ज्यांच्या व्हरांड्यांत आता तंदूर आणि जेवणाची टेबले मांडलेली आहेत. ते राहण्यासाठी फारसे मिळत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे साठ आणि सत्तरच्या दशकांतील तीन मजली, लाल किंवा पिवळट विटांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती. त्यांना येथे ‘वॉक-अप’ म्हणतात आणि त्यांतील सदनिकेला फ्लॅट न म्हणता ‘युनिट’ म्हणतात. तिसरा प्रकार म्हणजे गेल्या पंधरा-वीस वर्षांत स्टेशनाजवळ आणि पॅरामॅटाच्या बाजूला उभ्या राहिलेल्या उंच इमारती, ज्यांत लिफ्ट, तळघरातील पार्किंग आणि कधीकधी एक छोटी व्यायामशाळा असते.

आम्ही दुसऱ्या प्रकारात राहिलो आणि माझे मत विचाराल, तर भाडेकरूने येथे तोच प्रकार घ्यावा. जुन्या युनिटच्या खोल्या ऐसपैस असतात, भिंती दुहेरी विटांच्या असल्यामुळे शेजाऱ्यांच्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्या आपल्याकडे पोहोचत नाहीत, आणि बहुतेक इमारतींत प्रत्येक युनिटला पाण्याचे स्वतंत्र मीटर नसल्यामुळे पाण्याचे बिल भाडेकरूकडे मागता येत नाही. नव्या इमारतीत स्वतंत्र मीटर असतील, तर तो खर्च आठवड्याच्या भाड्यावर चढतो आणि जाहिरात वाचताना तो लक्षात येत नाही. मात्र जुन्या इमारतींचे दोषही तितकेच ठळक आहेत. छताखालच्या मजल्यावर उन्हाळ्यात राहणे ही शिक्षा आहे. पश्चिम सिडनीतील उन्हाळा समुद्रकाठच्या सिडनीपेक्षा कितीतरी कडक असतो, आणि ४ जानेवारी २०२० रोजी तर पुढे पश्चिमेला पेनरिथ येथे ४८.९ अंश तापमान नोंदले गेले होते. नागपूरकरांना उन्हाचे कौतुक सांगू नये हे खरे. पण नागपूरच्या घरात कूलर असतो, आणि आमच्या युनिटमध्ये आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला एक टेबलफॅन होता. हिवाळ्यात उलट गत होते : न्हाणीघर आणि दक्षिणेकडील भिंतींना ओल धरते आणि जूनअखेर कपाटामागे काळी बुरशी दिसू लागते. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, हे भूगोलात शिकलेले घर निवडताना विसरू नये. उत्तरेला बाल्कनी असलेले युनिट मिळाले, तर आठवड्याला दहा डॉलर जास्त मोजायला हरकत नाही.

घर मिळवण्याचा व्यवहार महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला काही बाबतींत सुखद, तर काही बाबतींत चक्रावून टाकणारा वाटतो. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, एका महिन्याची दलाली आणि मालकाच्या मनावर असलेली अनामत यांची सवय असलेल्या पुणेकराला येथे दलाली द्यावी लागत नाही, कारण एजंटचे पैसे मालक भरतो. अनामत, म्हणजे येथील भाषेत ‘बॉण्ड’, चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ती मालकाच्या खिशातही राहत नाही, राज्य सरकारच्या एनएसडब्ल्यू (न्यू साउथ वेल्स) फेअर ट्रेडिंग या ग्राहक-संरक्षण विभागाकडे जमा होते. आगाऊ भाडेही दोन आठवड्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. आमचे दोन बेडरूमचे युनिट आठवड्याला ४८० डॉलरचे होते. म्हणजे बॉण्डचे १,९२० आणि आगाऊ ९६० असे एकूण २,८८० डॉलर भरून किल्ली हातात आली. पुण्यातील व्यवहाराच्या मानाने हे स्वच्छ आणि सोपे आहे.

नवख्या माणसाची गफलत होते ती महिन्याच्या हिशेबात. भाडे आठवड्याचे सांगितले जाते आणि आपण सवयीने त्याला चाराने गुणतो. वर्षात मात्र अठ्ठेचाळीस नव्हे, बावन्न आठवडे असतात. आमच्या ४८० चे महिन्याला १,९२० होत नाहीत, २,०८० होतात. हा दीडशेहून अधिक डॉलरचा फरक पहिल्या महिन्यात ध्यानात येत नाही आणि तिसऱ्या महिन्यात बँकेच्या खात्यात बरोबर दिसतो.

घर मिळेपर्यंतची पायरी मात्र कठीण होती. शनिवारी सकाळी पंधरा मिनिटांचे इन्स्पेक्शन, म्हणजे घर पाहण्याची वेळ असते आणि फुटपाथवर पंचवीस-तीस माणसे रांगेत उभी असतात. त्यांतील निम्मे तरी आपल्यासारखेच नुकतेच विमानातून उतरलेले असतात. अर्जासोबत पासपोर्ट, व्हिसा, पगारपत्रके, बँकेचे उतारे आणि आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र मागितले जाते. ज्याला या देशात आधीचा घरमालकच नाही, त्याने शिफारस कोठून आणावी, याचे उत्तर कोणाकडेही नसते. डिसेंबर २०२२ पासून न्यू साउथ वेल्समध्ये जाहिरातीतील भाड्यापेक्षा जास्त देऊ करण्यास एजंटला सुचवता येत नाही. परंतु भाडेकरूने आपणहून जास्त रक्कम देऊ केली, तर ती घेण्यावर बंदी नाही, आणि रांगेतील माणसे ते जाणून असतात. आम्हाला अकराव्या अर्जाला घर मिळाले. नंतर कळले, की या बाबतीत हॅरिस पार्क उदार आहे. पूर्वेकडच्या उपनगरांत शिफारसपत्राशिवाय आमचा अर्ज कोणी उघडलाही नसता. येथील एजंटांना मात्र नवागतांचीच सवय आहे. भारतीय बँकेचा उतारा, पुण्यातील कंपनीचे अनुभवपत्र आणि नुकताच मिळालेला नोकरीचा करार त्यांना वाचता येतो. उपनगराचा हा सर्वांत मोठा गुण मी मानतो.

ज्यांना पूर्ण युनिट परवडत नाही, त्यांच्यासाठी समांतर असा दुसरा बाजार आहे. वाणसामानाच्या दुकानांच्या काचेवर आणि फेसबुकच्या गटांत चिठ्ठ्या लागलेल्या असतात : एक खोली, शाकाहारी, नोकरी करणारी मुलगी, स्टेशनपासून पाच मिनिटे. काही चिठ्ठ्यांत खोलीही नसते, खोलीतील एक जागा असते. दोन बेडरूमच्या युनिटमध्ये दिवाणखान्याला पडदा लावून सहा-सात विद्यार्थी राहतात, हे आमच्या इमारतीतही होते. १ जुलै २०२३ पासून विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येते. शिक्षणशुल्क भरून उरलेल्या त्या कमाईत ४८० डॉलरचे युनिट एकट्याने घेणे शक्यच नसते, त्यामुळे या पडद्यांना मी नावे ठेवणार नाही. मात्र त्यातील जोखीम सांगितली पाहिजे. लीज ज्याच्या नावावर आहे, त्याने मालकाची लेखी परवानगी न घेता खोल्या दिल्या असतील, तर त्या पोटभाडेकरूंची स्थिती फार नाजूक असते. त्यांनी रोख दिलेली अनामत फेअर ट्रेडिंगकडे कधीच पोहोचत नाही आणि भांडण झाले, की हातात पावतीही नसते. येथे फसवणूक झाल्याच्या ज्या कथा मी ऐकल्या, त्यांतील बहुतेकांत फसवणारा घरमालक किंवा एजंट नव्हता. आधी आलेला आपलाच माणूस होता.

आता सेवेविषयी, म्हणजे घर घेतल्यानंतर मिळणाऱ्या वागणुकीविषयी. आमचे युनिट सांभाळणाऱ्या एजन्सीचे नाव येथे देत नाही. पहिल्या हिवाळ्यात न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंखा बंद पडला आणि महिन्याभरात छताला बुरशी धरली. मी ईमेल केला, तर ‘मालकाला कळवले आहे’ असे उत्तर आले. तीन आठवड्यांनी पुन्हा केला, तर तेच उत्तर नव्या नावाने आले, कारण दरम्यान आमची प्रॉपर्टी मॅनेजर बदलली होती. अडीच वर्षांत आम्हाला चार मॅनेजर लाभल्या. प्रत्येक नवी मॅनेजर फोनवर अतिशय गोड बोले आणि प्रत्येकीला पंख्याची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागे. शेवटी शेजारच्या इमारतीतील एका नेपाळी गृहस्थाने सांगितले, तेव्हा मी फोन करणे थांबवले आणि कायद्याचे कलम नमूद करून, छायाचित्रे जोडून, भाडेकरू-मालक तंट्यांचा निवाडा करणाऱ्या ट्रायब्युनलकडे अर्ज करण्याचा विचार आहे असे एक ओळीत लिहिले. सहाव्या दिवशी इलेक्ट्रिशियन दारात उभा होता. दुरुस्ती व्हायला चार महिने लागले होते. त्यांतले पावणेचार महिने मी सभ्यपणे वाट पाहिली होती.

ही तक्रार एका एजन्सीपुरती असती, तर मी ती येथे लिहिली नसती. न्यू साउथ वेल्सचा २०१० चा रेसिडेन्शियल टेनन्सीज कायदा भाडेकरूच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम आहे. २०२० पासून घर राहण्यायोग्य म्हणण्यासाठी सात किमान निकष ठरलेले आहेत. तातडीची दुरुस्ती मालकाने वेळेत केली नाही, तर भाडेकरूला एक हजार डॉलरपर्यंत स्वतः खर्च करून तो चौदा दिवसांत परत मागता येतो. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा तपासणीसाठी घरात येता येत नाही आणि त्यासाठीही सात दिवस आधी लेखी कळवावे लागते. पण हे सगळे वापरायला माणसाकडे वेळ, भाषा आणि पुढील वर्षीही याच घरात राहण्याची इच्छा लागते. ज्याचा व्हिसा आठ महिन्यांनी संपणार आहे किंवा जो पुढच्या सत्रात मेलबर्नला जाणार आहे, तो बुरशीवर व्हिनेगर मारतो आणि गप्प बसतो. मालकालाही हे ठाऊक असते. सतत पाहुणे बदलणाऱ्या धर्मशाळेतील नळ जसा कोणीच दुरुस्त करून घेत नाही, तसे येथील शेकडो पंख्यांचे झाले आहे.

भाडेवाढीचेही तसेच. मुदतीच्या पहिल्या वर्षानंतर, साठ दिवसांची नोटीस देऊन, आमचे ४८० चे ५३० झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ५६०. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात कोणत्याही लीजवर बारा महिन्यांत एकदाच भाडे वाढवता येते आणि १९ मे २०२५ पासून कारण न देता भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. दुसरा बदल आमच्यासारख्यांना फार मोलाचा आहे. त्याआधी दुरुस्ती मागितली, तर ‘नोटीस येईल’ ही धास्ती खरी होती. आमच्या खालच्या मजल्यावरील तेलुगू कुटुंब याच धास्तीने गरम पाण्याची टाकी बिघडलेली असताना अकरा दिवस पातेल्यात पाणी तापवत राहिले होते. किती वाढवावे, यावर मात्र कायद्याने थेट मर्यादा नाही. भाडे अवाजवी वाटले, तर ट्रायब्युनलकडे जाता येते, आणि तेथे आसपासच्या तशाच घरांची भाडी पाहिली जातात; पण आसपासची भाडीही त्याच वेगाने चढत असतील, तर त्या दाद मागण्याला फारसा अर्थ उरत नाही.

मालक कोण आहेत, हे आम्हाला कधी समजले नाही. आमचा मालक करारावरील एक नाव होता. मात्र बाजाराचे गणित अवघड नाही. सिडनीत बैठ्या घरांच्या किमती सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेलेल्या आहेत आणि त्या तुलनेत येथील जुनी दोन बेडरूमची युनिट स्वस्त आहेत. त्यांची किंमत बैठ्या घरांइतकी वेगाने वाढत नाही. परंतु भाडेकरूंची रांग कधी तुटत नसल्यामुळे गुंतवलेल्या पैशांच्या प्रमाणात भाडे चांगले सुटते. म्हणून येथे राहणारा खरेदीदार कमी आणि भाड्यासाठी घेणारा गुंतवणूकदार जास्त. एप्रिल २०२२ मध्ये ०.१० टक्का असलेला ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदर नोव्हेंबर २०२३ पर्यंत ४.३५ टक्क्यांवर गेला, तेव्हा या गुंतवणूकदारांचे हप्ते वाढले, आणि एजंट प्रत्येक भाडेवाढीच्या पत्रात त्याचा उल्लेख करू लागले. मला हे कारण अर्धेच खरे वाटते. हप्ते वाढले म्हणून भाडे वाढवावेसे वाटते हे खरे. पण ते वाढवता येते, कारण रांगेत माणसे आहेत. पुढे व्याजदर उतरू लागला, तेव्हा ‘हप्ता कमी झाल्यामुळे भाडे कमी करीत आहोत’ असे पत्र निदान आमच्या इमारतीत तरी कोणालाही आले नाही.

भाडेकरूने स्वतःच येथे घर विकत घ्यावे का, असा प्रश्न अनेकांना पडतो. ज्यांच्याकडे कायम वास्तव्याचा व्हिसा नाही, त्यांच्यासाठी तो सध्या तरी मिटलेला आहे, कारण १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळासाठी केंद्र सरकारने तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी नागरिकांना जुनी, म्हणजे आधीच वापरात असलेली घरे घेण्यास काही मोजके अपवाद वगळता बंदी घातली आहे. नवे बांधकाम घेता येते, पण त्यावर न्यू साउथ वेल्स परदेशी खरेदीदाराकडून मुद्रांक शुल्काखेरीज नऊ टक्के अधिभार घेते. म्हणजे या उपनगरातील फार मोठा वर्ग इच्छा आणि पैसे असूनही भाडेकरूच राहणार. ज्यांना कायम वास्तव्य मिळालेले आहे, त्यांना मी जुन्या इमारतीची स्ट्रॅटा कागदपत्रे, म्हणजे आपल्याकडील सोसायटीचे दप्तर, नीट वाचल्याशिवाय पाऊल उचलू नका असे सांगेन; छप्पर आणि सांडपाण्याच्या नळांचा खर्च पुढे ढकललेल्या इमारती येथे कमी नाहीत. बहुसंख्य मालक दुसरीकडे राहत असले, की सोसायटीच्या बैठकांना कोणी येत नाही, हे ओघानेच आले.

घराबाहेरचे हॅरिस पार्क मात्र मनापासून आवडावे असे आहे. मे २०२३ मध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या सिडनी भेटीत ‘लिटल इंडिया’ हे नाव समारंभपूर्वक पुढे आले; पण लोकांच्या तोंडी ते त्याआधीच रुळलेले होते. विग्रॅम स्ट्रीट, मॅरियन स्ट्रीट आणि स्टेशन स्ट्रीट ईस्ट या तीन रस्त्यांवर डोसा, छोले भटुरे, मोमो आणि हैदराबादी बिर्याणी असे सगळे हाकेच्या अंतरावर मिळते. स्टेशनासमोरच्या ‘चॅटकॅझ’मध्ये मिळणारा वडापाव दादरच्या चवीचा नाही, पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यांत पाणी आणण्याइतका जवळचा आहे. कढीपत्ता, ताज्या मेथीच्या जुड्या, ज्वारीचे पीठ, उपवासाची भगर हे सगळे चालत जाऊन आणता येते, आणि गाडी नसलेल्या कुटुंबासाठी याची किंमत भाड्याच्या आकड्यात मोजता येत नाही. त्याच वेळी एलिस स्ट्रीटवर अवर लेडी ऑफ लेबनन हे मॅरोनाइट कॅथीड्रल उभे आहे. आपल्या आधी येथे लेबनीज लोकांचे पहिले बिऱ्हाड होते, याची ती आठवण. तेही बहुतांश पुढे गेले, रविवारी मात्र गाड्या भरून परत येतात.

शुक्रवारी आणि शनिवारी रात्री जेवायला आलेल्यांच्या गाड्यांनी सगळे रस्ते भरतात आणि रहिवाशाला स्वतःच्या दारात गाडी लावता येत नाही. भारत क्रिकेटचा मोठा सामना जिंकला, की मध्यरात्रीपर्यंत हॉर्न वाजतात. झोपेच्या बाबतीत हळवे असाल, तर रुळांना लागून आणि विग्रॅम स्ट्रीटच्या मधल्या भागात घर घेऊ नका. सुरक्षिततेविषयी विचारले जाते, म्हणून सांगतो : जून २००९ मध्ये हल्ल्यांना कंटाळलेले भारतीय विद्यार्थी येथल्याच रस्त्यांवर निदर्शने करीत रात्री जमले होते आणि त्या बातम्या भारतात अनेकांच्या मनात अजून आहेत. आमच्या काळात माझी पत्नी रात्रपाळी करून साडेअकरा वाजता स्टेशनवरून एकटी चालत घरी येत असे आणि तिला कधी भीती वाटली नाही. उशिरापर्यंत उघडी असलेली दुकाने हेच त्याचे मुख्य कारण असावे.

प्रवासाच्या दृष्टीने सगळ्याच जलद गाड्या हॅरिस पार्कला थांबत नाहीत, हे ध्यानात ठेवावे; पंधरा मिनिटे चालत पॅरामॅटा गाठले, तर शहरात अर्ध्या तासात पोहोचता येते. २० डिसेंबर २०२४ पासून वेस्टमीड ते कार्लिंगफोर्ड ही लाइट रेल सुरू झाल्यामुळे उत्तरेकडील घरांना वेस्टमीडची रुग्णालये आणि वेस्टर्न सिडनी विद्यापीठाचा रायडलमियर परिसर जवळ आला आहे. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी आता ती घरे आवर्जून पाहावीत.

नुकतेच आलेले दोघे, मूल नसलेले किंवा अगदी लहान असलेले, गाडी नसलेले आणि या देशातील शिफारसपत्र नसलेले असाल, तर हॅरिस पार्क बिनदिक्कत निवडा. दीड-दोन वर्षांसाठी याहून सोयीची जागा सिडनीत मला माहीत नाही. मूल शाळेत असेल, घरातून काम करीत असाल किंवा आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर जिना, उन्हाळा आणि मोकळ्या बागेचा अभाव तुम्हाला लवकर थकवील.

आम्हीही अखेर सर्वांसारखेच वेंटवर्थव्हिलला सरकलो. लीज मुदतीपलीकडे चालू असल्यामुळे एकवीस दिवसांची नोटीस पुरली. घर सोडताना एजन्सीने व्यावसायिक कार्पेट धुलाईचे ३८० डॉलर बॉण्डमधून मागितले. पाळीव प्राणी नसताना अशी अट लीजमध्ये घालताच येत नाही, हे तोवर मला पाठ झाले होते. आत आलो त्या आठवड्यात भरून दिलेला कंडिशन रिपोर्ट, म्हणजे घराच्या अवस्थेची नोंद, आणि कार्पेटवरील जुन्या डागाची सतरा छायाचित्रे माझ्याकडे होती. मी बॉण्डची पूर्ण रक्कम ऑनलाइन मागितली. एजन्सीला उत्तर देण्यासाठी चौदा दिवस असतात. त्यांनी काहीच कळवले नाही आणि १,९२० डॉलर खात्यात जमा झाले. त्याच आठवड्यात आमच्या युनिटची जाहिरात लागली होती. बारा महिन्यांत एकदाच वाढ हा नियम चालू भाडेकरूपुरता आहे. नव्या माणसासाठी आकडा नव्याने लिहिता येतो. छायाचित्रांत न्हाणीघराचा पंखा मुद्दाम दिसेल असा घेतला होता आणि भाडे आठवड्याला ५९० डॉलर होते.